राहिलेला भाग

दुपारी सव्वादोन वाजता ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं आणि डॉक्टर उपाध्ये हातात स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आले. ट्रेवर हिरवं कापड होतं. मागोमाग सिस्टर आल्या. त्यांनी विचारलं, "जोतीराम चौगुलेंचे नातेवाईक?"

नातेवाईक आम्ही दोघंच होतो. मी त्यांची बायको मालन, आणि त्यांचे थोरले भाऊ हिंदुराव, म्हणजे माझे भावजी. घरात मी नवऱ्याचं नाव घेत नाही. इथं घोटाळा नको म्हणून घेते. ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, मिरजेतल्या एका हॉस्पिटलातली. जोतीराम साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होते. खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा गळीत हंगाम जोरात होता, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, शेवटच्या गाडीची पूजा झाली, आणि त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी ते सांगितलं. तोवर डाव्या फुफ्फुसातली गाठ बरीच वाढली होती.

डॉक्टरांनी ट्रेवरचं कापड उचललं. आमच्या भागात ही रीतच आहे. पित्ताशयातला खडा असो नाहीतर गर्भपिशवी, काढलेली वस्तू नातेवाइकांना दाखवायची. दाखवली नाही तर लोक म्हणतात, काय केलं कुणाला ठाऊक. ट्रेमध्ये काळपट लाल, ओला, स्पंजासारखा तुकडा होता आणि त्याच्या पोटात पांढुरकी, घट्ट गाठ. मी एकदा बघितलं आणि मान वर केली. डॉक्टरांच्या तोंडाला मास्क होता. कपाळ तेवढं दिसत होतं, आणि एवढ्या गारठवणाऱ्या जागेतून येऊनही त्यावर घाम होता.

"निघाली काय गाठ?" भावजींनी विचारलं.

"गाठ निघाली. हा तुकडा तपासायला बाटलीत घालून देतो. इथंच थांबा, मला बोलायचंय," डॉक्टर म्हणाले आणि सिस्टरबरोबर शेजारच्या खोलीत गेले.

भावजींना पहिले दोन शब्द पुरले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांचा आवाज मुळातच मोठा. चार शेतं ओलांडून हाक मारायची सवय. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. "निघाली रं! पेरूएवढी हुती. माझ्या डोळ्यांनी बघितली. आईला सांग, नारळ फोड म्हणावं." मग दुसरा फोन, मग तिसरा. प्रत्येक फोनला पेरू थोडा मोठा होत गेला.

मी भिंतीला टेकून उभी होते. मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. काम संपलेला माणूस हातमोजे काढतो. त्यांनी हातमोजे काढले नव्हते.

डॉक्टर परत आले. भावजी अजून फोनवर होते. डॉक्टर थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "फोन ठेवा. कुणाला काही कळवू नका. ऑपरेशन अजून संपलेलं नाही. छाती उघडी आहे."

भावजींनी फोन खाली घेतला. त्यातून माणूस बोलतच होता.

डॉक्टरांनी भिंतीवर बोटानं रेघ ओढल्यासारखं करून समजावलं. गाठ काढली होती. पण तिचा एक भाग हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला होता, आणि तो तिथंच होता. आता दोन रस्ते होते. एक, तो भाग तसाच ठेवून छाती बंद करायची आणि पुढं विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे. दुसरा, त्या रक्तवाहिनीसकट डावं फुफ्फुस पूर्ण काढायचं.

"पूर्ण काढलं तर आजार मुळापासून निघण्याची शक्यता जास्त. पण त्यांच्या उजव्या फुफ्फुसाला जुन्या टीबीचा व्रण आहे. उरलेल्या श्वासावर ते निभावतील याची खात्री मी देऊ शकत नाही. शिवाय रक्तवाहिनी सोडवताना फाटली तर माझ्या हातात काही उरत नाही. टेबलावरच..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"आणि ठेवलं तर?" भावजींनी विचारलं.

"ठेवलं तर आज ते बाहेर येतील. पण राहिलेलं वाढतं. बऱ्याच जणांचं वाढतं. वर्ष, दोन वर्षं. त्याच्या पुढं जाणारे थोडे असतात. खोटं सांगणार नाही."

"तुमचं मत काय?"

"माझं मत बंद करावं असं आहे. पण धोका दोन्हीकडं आहे, आणि माणूस तुमचा आहे. मला फार थांबता येणार नाही. थोड्या वेळानं सिस्टर येतील, त्यांना सांगा."

दार बंद झालं. दारावरचा लाल दिवा पेटलेला होता, तो तसाच राहिला.

आमच्या घरात थोरल्या दिरासमोर भावजयीनं बसायचं नाही आणि त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन आल्यावर बघूनच कळलं. काही सांगायचं झालं तर सासूबाईंमार्फत, ज्यांना आम्ही आत्ती म्हणतो. आत्ती नसल्या तर माझ्या मुलीमार्फत. तीही नसली तर काम उद्यावर. भावजींची बायको लवकर गेली होती, ते आमच्यातच राहत, मी रोज त्यांचं ताट वाढत होते, पण लग्नाला वीस वर्षं होत आली तरी आमचं एकमेकांशी बोलणं झालेलं नव्हतं. गावातल्या दूध संस्थेत मी दुधाचं फॅट मोजायचं मशीन चालवायची. तिथं मी शंभर पुरुषांशी बोलायची, पाणी घातलेल्या दुधावरून भांडायची. घरी आले की पदर सारखा करायचा.

त्या दिवशी सकाळपासून ही अडचण होतीच. बाकावर भावजी बसले, म्हणून मी उभी. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं असावं. ते काही न बोलता उठले आणि जिन्यापाशी जाऊन पायरीवर बसले. तेव्हा मी बाकावर बसले. दहा वाजता त्यांनी चहाचा कप आणून खिडकीत ठेवला आणि खिडकीला सांगितलं, "चहा आणलाय. गार हुईल."

आता आत्ती गावात होत्या आणि मुलगी त्यांच्यापाशी.

भावजी जिन्यापर्यंत गेले, परत आले. कोल्हापूरच्या एका मेव्हण्याला त्यांना विचारायचं होतं. तो मेडिकलच्या दुकानात कामाला होता आणि आमच्या गोतावळ्यात औषधपाण्याचं तोच सांगायचा. पण फोन लागेना, कारण लावायला घेतला की दुसराच यायचा. गावातून माणसं अभिनंदन करत होती. सरपंचांचा आला. कारखान्यातल्या शिफ्ट इन्चार्जचा आला. भावजी म्हणत, "व्हय, व्हय, नंतर करतो," आणि ठेवत, की परत वाजायचा. एकदा आवाज इतका मोठा होता की पलीकडचं मलाही ऐकू आलं. आत्ती होत्या. नारळ फोडला, खोबरं वाटलं, मालनला म्हणावं आता रडू नगंस.

मी रडत नव्हते. मला भीती इतकी वाटत होती की रडायला जागा नव्हती. एकच गोष्ट डोक्यात होती: आपण इथं उभं राहून बोलतोय तेवढा वेळ त्यांची छाती उघडी आहे. माणसाच्या छातीला दार असल्यासारखं डॉक्टर ते बोलले होते, आणि मला ते दार कुणीतरी धरून उभं आहे, त्याचा हात दुखायला लागलाय, असं दिसत होतं.

भावजी थांबले. माझ्यापासून सहा-सात पावलांवर, तोंड खिडकीकडं.

"मुळासकट काढायला सांगायचं," ते म्हणाले. माझ्याशी बोलायचं झालं तर ते असंच बोलत, समोर कुणी नसल्यासारखं. "हराळीचं काय असतंय? कांडं राहिलं एक, की म्हैन्यात रान भरलं. निम्मं काम करून ठेवायचं म्हंजे पुन्यांदा त्याला हितं आणून झोपवायचं. त्यापरीस एकदाच."

त्यांनी खिडकीचा गज धरला.

"जोत्या ताकदीचा हाय. एवढी बॉयलरची धग सोसली त्यानं. निभावंल."

हे ते मला सांगत नव्हते, स्वतःला सांगत होते. पण त्यांना माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. रात्री जोतीरामांच्या शेजारी मी झोपत होते. गेल्या तीन महिन्यांत जोतीराम उशाला दोन गोधड्या घेऊन, निम्मे बसूनच झोपत. श्वास घेताना शेवटी एक अडखळ यायची, जशी विहिरीवरच्या मोटारीला पाणी उचलायच्या आधी येते. मी ती मोजत पडून राहायची. फुंकर मारायच्या तपासणीत तिथल्या मुलीनं त्यांना चार वेळा फुंकायला लावलं होतं, आणि चौथ्या वेळी ते माझ्याकडं बघून हसले होते, पोरानं नापास झाल्यावर हसावं तसं. ही सगळी श्वासाची कमाई दोन्ही फुफ्फुसं असतानाची होती.

दार उघडलं. सिस्टर होत्या. केरळच्या असाव्यात, मराठी तुटक पण स्पष्ट.

"काय ठरलं?"

"काढा म्हणावं," भावजी म्हणाले. "सगळं काढा."

सिस्टरनी मान हलवली आणि त्या वळल्या. दाराच्या स्प्रिंगनं दार हळूहळू मिटायला लागलं.

"थांबा," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण दूध संस्थेतला. सिस्टर थांबल्या. भावजी खिडकीकडून वळले आणि त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. तेही पहिल्यांदाच असावं.

मी सिस्टरना विचारलं, "पूर्ण काढलं तर आज बाहेर येतील का?"

"ते मी कसं सांगणार, ताई? डॉक्टर बोलले ना."

"आणि आहे तसं ठेवलं तर?"

"आज येतील," सिस्टर म्हणाल्या. मग जरा थांबून, "देवाच्या कृपेनं."

"मग राहू दे म्हणावं. बंद करा." एवढं बोलून झाल्यावर मला कळलं की हे पुरेसं नाही. मी भावजींकडं वळले. पदर खांद्यावरून घसरला होता, तो मी सावरला नाही. "भावजी, ते आज बाहेर यायला पाहिजेत. राहिलेलं मी बघीन. त्यांचा श्वास किती आहे ते मला माहितेय. तेवढ्यावर ते नाही निभावणार."

भावजींचा फोन वाजायला लागला. त्यांनी बघितलाही नाही. तो वाजून वाजून थांबला. मला वाटलं, आता ते ओरडतील. किंवा सिस्टरना सांगतील, बाईमाणसाचं काय ऐकता, मी थोरला आहे. तसं त्यांनी सांगितलं असतं तर सिस्टरनी त्यांचंच ऐकलं असतं.

त्यांनी नुसता फोन खिशात टाकला.

"सही लागेल," सिस्टर म्हणाल्या. कागद त्यांच्या हातातच होता. मी पेन घेतलं. नावातला पहिला म सुद्धा उठेना. भावजी जवळ आले, माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि कागद भिंतीवर धरून मोठ्या अक्षरात सही केली: हिंदुराव बाबासो चौगुले. मग पेन सिस्टरना दिलं आणि जिना उतरून खाली गेले.

मला वाटलं, रागानं गेले. मी त्यांचा शब्द ओलांडला, पण सही त्यांनी मला करू दिली नाही. घराचा कारभारी कोण ते त्यांनी दाखवलं.

पुढचे अडीच तास मी एकटी होते. दुसऱ्या एका पेशंटची बाई माझ्या शेजारी येऊन बसली आणि तुमचं कोण, काय, विचारायला लागली. मी सांगितलं, नवरा. तिनं विचारलं, निघालं का सगळं? मी म्हणाले, हो. आता हेच सांगत राहावं लागणार, हे मला तेव्हाच कळलं. गावात नारळ फुटला होता.

सव्वापाचला जोतीरामना बाहेर आणलं. तोंडात नळी, छातीच्या बाजूनं दोन नळ्या. ट्रॉली माझ्याजवळून गेली तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं नाही, छातीकडं बघितलं. पांढऱ्या पट्टीखाली ती वर येत होती, खाली जात होती.

वॉर्डात आणल्यावर पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर उपाध्ये फेरीला आले. तोवर जोतीराम बसायला लागले होते. भावजी रोज सकाळच्या एसटीनं येत, शहाळं आणत, पायाशी उभे राहत आणि गावाकडच्या गप्पा सांगत. त्या गप्पांत गाठ आता नारळाएवढी झाली होती. जोतीराम ऐकून हसत आणि हसलं की टाके ओढले म्हणून कळवळत. राहिलेल्याबद्दल त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी भावजी सांगतील म्हणून थांबले होते. भावजी कशासाठी थांबले होते, ते मला माहीत नव्हतं. रोज ते जायला निघाले की मी सुटल्यासारखी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या वेळेला पुन्हा दाराकडं बघत राहायची. कधीतरी ते सांगणार होते, तुझ्या बायकोनं ठेवायला लावलं. आणि तेव्हा जोतीराम माझ्याकडं कसे बघतील, याची मला डॉक्टरांच्या दोन वर्षांपेक्षा जास्त भीती वाटत होती.

डॉक्टरांनी टाके बघितले आणि सहज म्हणाले, "छान. महिन्याभरानं राहिलेल्या भागाला रेडिएशन सुरू करू."

"राहिलेल्या?" जोतीराम म्हणाले.

डॉक्टरांनी आमच्याकडं बघितलं. त्यांना काय ते कळलं. त्यांनी दोन मिनिटांत पुन्हा तेच सगळं सांगितलं, आणखी सोप्या शब्दांत, आणि पुढच्या कॉटकडं गेले.

जोतीरामनी चादर पोटापर्यंत ओढून घेतली. मग भावजींना म्हणाले, "तू म्हणालास सगळं निघालं."

"गाठ निघाली म्हणालो."

"आत ठेवलंय म्हणजे परत येणार ते." त्यांचा आवाज चढला, मग खोकला आला आणि त्यांनी उशी छातीशी दाबली. मी पाणी पुढं केलं. त्यांनी ते बाजूला सारलं. "आत ठेवा म्हणून कुणी सांगितलं?"

मी ग्लास हातात घेऊन उभी होते. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता.

"मी," भावजी म्हणाले.

"तू?"

"मी सांगितलं बंद करा म्हणून. सही माझीच हाय, जाऊन बघ पाहिजे तर. म्हटलं, ह्याचा श्वास किती हाय ते मला म्हाईत हाय. एका फुफ्फुसावर न्हाई निभावायचा. आज बाहेर येऊ दे, राहिलेलं बघू."

ते माझेच शब्द होते, जवळजवळ तसेच. ते बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"मला विचारलंस का?"

"तू झोपलावतास, लगा. उठवून विचारायचं हुतं काय?"

म्हातारा खुसखुसला. जोतीराम हसले नाहीत. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि भावजी जाईपर्यंत वळले नाहीत. पण महिन्यानं रेडिएशनला जायची वेळ आली तेव्हा नाही म्हणाले नाहीत. थोरल्यानं ठरवलंय म्हटल्यावर पुढचंही झालंच पाहिजे, असं त्यांचं साधं गणित होतं. मी ठरवलंय म्हटलं असतं तर ते गणित जमलं असतं का, मला सांगता येणार नाही.

गावात बातमी उलटी फिरली. खोबरं खाल्लेली माणसं आता हळू आवाजात बोलायला लागली. आत्तींनी भावजींना माझ्यादेखत सुनावलं. सख्ख्या भावाचं निम्मं दुखणं आत ठेवून आलास, डॉक्टरनं घाबरवलं आणि तू घाबरलास, तुझा बाप असता तर त्यानं असं केलं असतं का. जेवताना बोलल्या, दारात बोलल्या, आल्यागेल्यासमोर बोलल्या. भावजी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. त्या उन्हाळ्यात आत्तींनी त्यांच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

मला ते बघवेना. एक दिवस दुपारी भावजी गोठ्यात म्हशीची दावण सारखी करत होते. आत्ती झोपल्या होत्या. मी गोठ्याच्या दारात गेले.

"भावजी, तुम्ही असं का सांगितलं? मी आत्तींना खरं काय ते सांगते."

त्यांनी दावं आवळलं. म्हशीकडं बघतच बोलले. "काय सांगणार?"

"मी ठरवलं म्हणून."

"आणि उद्या जोत्याचं काय वाईट झालं, म्हंजे?" ते थांबले. "तुला ह्याच घरात ऱ्हायचं हाय. पोरगी लग्नाची हाय. बायकोनं ठेवायला लावलं आणि नवरा गेला, असं झालं तर ही माणसं तुला जगू देतील? आईच देणार न्हाई." मग दाव्याचं टोक खुंटीला अडकवत म्हणाले, "मला कोण घरातनं काढतंय?"

ते पेंड भिजवायला गेले.

आम्ही दोघं परत सरळ बोललो नाही. चहा खिडकीत ठेवला जायचा, ताट पुढं सरकवलं जायचं. पुढं आत्तींमार्फत निरोप चालू झाले, आणि आत्तींना त्यात कधी काही वेगळं दिसलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष गेलं. दर तीन महिन्यांनी स्कॅन असायचा. त्याच्या आदल्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोलायचं नाही. रेडिएशनच्या वेळी रोज एका एसटीत भेटणारे पाच जण होते. त्यांची नावं एकेक करून कमी झाली. शेवटी कवठे महांकाळची एक बाई आणि जोतीराम एवढे उरले. मग ती बाईही फोन उचलेना. दुसरं वर्ष गेलं. स्कॅनमध्ये रक्तवाहिनीपाशी एक डाग दिसायचा, तो दर वेळी तेवढाच असायचा. डॉक्टर उपाध्ये पडद्याकडं बघून म्हणायचे, "आहे तिथंच आहे," आणि आम्ही त्या तीन शब्दांवर पुढच्या स्कॅनपर्यंत दिवस काढायचो. पाचव्या वर्षी ते म्हणाले की असे पेशंट त्यांनी थोडेच बघितलेत आणि का वाचले ते त्यांनाही सांगता येत नाही.

तेव्हा गावानं पुन्हा बोली बदलली. हिंदुरावाचं डोकं म्हणायला लागले. डॉक्टर सगळं फुफ्फुस काढायला निघाला होता, ह्यानं धरून ठेवलं. आत्ती तर येईल त्याला सांगायच्या, माझ्या थोरल्यानं धाकट्याचा श्वास वाचवला. भावजी अशा वेळी उठून जात. त्यांना शिव्या खाताना जेवढं अवघड वाटलं नसेल तेवढं हे वाटत होतं, असं मला दिसायचं.

मुलीच्या लग्नात भावजींनीच सगळं बघितलं. पुढच्या वर्षी ते गेले. ऊसतोड चालू होती, बांधावर बसले होते, तिथंच छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायलाही मिळालं नाही. आत्ती त्यांच्या पाठोपाठ सहा महिन्यांनी गेल्या. भावजींच्या दहाव्याला नदीवर कावळा शिवायला वेळ लागत होता, तेव्हा जोतीराम पुढं झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, तू मला ठेवलंस. आता माझी काळजी करू नकोस." मी बायकांत मागं उभी होते.

मी त्यांना सांगितलं नाही. भावजींनी जे आपल्या नावावर घेतलं होतं ते काढून घ्यायचा मला हक्क नव्हता, असं तेव्हा वाटलं. आताही तसंच वाटतं का, ते नक्की नाही.

गेल्या महिन्यात नेहमीचा स्कॅन झाला. उपाध्ये आता निवृत्त झालेत. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण आहे. तिनं पडदा आमच्याकडं वळवला आणि जुना स्कॅन नव्याशेजारी लावला. इतकी वर्षं होता तेवढाच असलेला डाग या वेळी एका बाजूनं जाड दिसत होता.

"रेडिएशनचा जुना व्रण असू शकतो," ती म्हणाली. "व्रण बऱ्याच वर्षांनंतरही असा दिसतो. किंवा ते परत सुरू झालं असू शकतं. नुसत्या स्कॅनवर सांगता येणार नाही. पेट स्कॅन करू. त्यात संशय आला तर सुई घालून तुकडा घ्यायचा की थांबून बघायचं, हे ठरवावं लागेल. जागा रक्तवाहिनीजवळ आहे, त्यामुळं सुईलाही धोका आहे. तुम्ही घरी बोला."

बाहेर आलो. हॉस्पिटलसमोर रिक्षा उभ्या होत्या. जोतीराम आता एकोणसाठचे आहेत. थोडं चाललं की थांबतात, पण त्या दिवशी चालल्याशिवायच थांबले.

"दादा असता तर त्याला विचारून मोकळा झालो असतो," ते म्हणाले.

मी रिक्षाला हात केला. ती थांबली नाही.

"आता तूच सांग. सुई घालायची का न्हाई. तू म्हणशील तसं करू."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं. त्यांच्या श्वासाच्या शेवटी पुन्हा ती अडखळ यायला लागलीय का, हे मी गेले काही दिवस रात्री ऐकते आहे. कधी येते असं वाटतं, कधी पंख्याचा आवाज असतो.

मी अजून काही सांगितलेलं नाही. पेट स्कॅन बुधवारी सकाळी आहे. उपाशीपोटी बोलावलंय.